नोटाबंदीचा निकाल लागला, पण जिल्हा बँकांचं काय?

नोटाबंदीचा विषय निघाला की काळा पैसा परत आला की नाही यावरच सगळे भांडतात. रिझर्व्ह बँकेच्याच 2018 च्या अहवालात 15.41 लाख कोटींच्या नोटांपैकी 15.31 लाख कोटी परत आले असं छापलंय, त्यामुळे तो वाद माझ्यापुरता मिटला. मला बोलायचंय ते 14 नोव्हेंबर 2016 च्या त्या परिपत्रकाबद्दल, ज्यानं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला बंदी घातली.

आता शहरातल्या माणसाला हे पटकन कळणार नाही, पण आमच्याकडे पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतून, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेतून, दुधाचं बिल त्याच खात्यावर, उसाचं बिल पण बऱ्याच जणांचं तिथंच. ऐन रब्बीच्या तोंडावर हा नळच बंद केला. आठवड्याला 24 हजार काढता येतात असं टीव्हीवर सांगत होते आणि आमच्या शाखेत कॅशियर दोन हजार हातावर ठेवायचा, तेही कॅश आली तर. आमचे आण्णा सकाळी धार काढून झाली की पासबुक घेऊन जायचे, दुपारपर्यंत बसायचे, हरभऱ्याचं बी शेवटी उधारीवरच आणलं. खात्यावर स्वतःचे पैसे असताना!

कारण काय सांगितलं, तर या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल. अहो मग तपासणी करा ना, दोषी असेल त्याला धरा. सरसकट सगळ्या जिल्ह्यांतल्या खातेदारांनी का भोगायचं? बंदी येण्याआधीच्या, 10 ते 14 नोव्हेंबरच्या चार दिवसांत या बँकांनी घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायला परवानगी मिळाली ती जून 2017 मध्ये. तोपर्यंत नोटा तिजोरीत पडून आणि ठेवींवर व्याज मात्र चालूच. त्यातही 8 नोव्हेंबरला, म्हणजे नोटाबंदी जाहीर झाली त्या दिवशी, जी रोकड शिल्लक होती ती वगळली, राज्यातल्या आठ जिल्हा बँकांचे सुमारे 112 कोटी असे अडकले आणि 2018 मध्ये नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण कर्जासाठीच्या राष्ट्रीय बँकेनं, ते तोट्यात दाखवा म्हणून सांगितलं.

2 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला, नोटाबंदीची प्रक्रिया वैध ठरली. मला मात्र न्या. नागरत्ना यांचं वेगळं मत पटतं. त्यांचं म्हणणं, प्रस्ताव रिझर्व्ह बँकेकडून नाही, केंद्राकडून आला होता, मग कायदा किंवा अध्यादेश हवा होता, संसदेला बाजूला ठेवायला नको होतं. 1978 ला मोरारजींच्या सरकारनं अध्यादेश काढला, नंतर कायदा केला, आणि तेव्हाच्या नोटा हजार, पाच हजार, दहा हजाराच्या, शेतकऱ्यानं कधी बघितल्याही नसतील. 2016 ला चलनातला 86 टक्के पैसा गेला. विषय संसदेत आला असता तर सांगली, कोल्हापूर, नाशिक, वर्ध्याच्या खासदारांना त्यांच्या मतदारांनी विचारलंच असतं की जिल्हा बँकेचं काय करताय, आणि कुणीतरी उठून बोललंही असतं.

निकालाला आता बराच काळ झाला, घटनेच्या अंगानं त्यावर पुष्कळ लिहून आलं. पण त्या आठ बँका सभासदांच्या भागभांडवलावर उभ्या आहेत, तोटा शेवटी त्यांच्याच डोक्यावर. म्हणून माझी मागणी एकच, नंतर या बँकांच्या ज्या तपासण्या झाल्या त्यांत कुठल्या जिल्ह्यात नक्की काय सापडलं हे रिझर्व्ह बँकेनं आणि नाबार्डनं जिल्हावार, मराठीत जाहीर करावं, सोसायटीच्या बोर्डावर लावता येईल असं.