आमची वाटचाल : टॉर्च लिली आणि आम्ही

इंदूरमध्ये टॉर्च लिली (मशालीसारखं फुलणारं झाड, यालाच पोकरही म्हणतात) होतच नाही, तो उटीचा माल आहे, पैसे वाया घालवू नका, असं आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यातले निम्मे आज आमच्याकडूनच होलसेलमध्ये गड्डे नेतात आणि स्वतःच्या बोर्डावर पोकर स्पेशालिस्ट लिहितात. लिहू देत. पण सुरुवात कुणी केली ते एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

२००९ मध्ये राजेंद्रनगरात बंगल्यांच्या बागा सांभाळायचं काम घेतलं. मी आणि मामा. मामा म्हणजे माझे नात्यातले कुणी नाहीत, रेसिडेन्सी भागातल्या एका जुन्या बंगल्यावर आयुष्यभर माळीकाम केलेले गृहस्थ, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही. पार्टनरशिप कागदावर कधी झाली नाही, पण हत्यारं सगळी त्यांची. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहाराकडून घडवून घेतलेली खुरपी, ती अजून आहे, आणि फाल्कनचं सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, ज्याची स्प्रिंग बदलली, दांड्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं, पण पातं तेच. रोज संध्याकाळी कुरुंदाच्या दगडावर धार, मग स्पिरिटचं फडकं, मगच पिशवीत. आजची पोरं नवीन सिकेटर आणतात, पावसात विसरतात आणि मग फांदी चेपली जाते म्हणून कंपनीला शिव्या घालतात. अहो, पात्याची एकच बाजू घासायची असते, सपाट बाजूला फक्त बुरी, म्हणजे धार लावताना उठलेली खरखरीत कड, काढायची, हे कुणी सांगतच नाही त्यांना.

पोकर आमच्याकडे आले ते काकूंमुळे. काकू आमचं पहिलं गिऱ्हाईक, राजेंद्रनगरातच. कुन्नूरच्या ट्रिपमधून एक गड्डा ओल्या टॉवेलात गुंडाळून आणला आणि मामांना म्हणाल्या, "हा जगवून दाखवा." मामांनी काळी माती दोन हात खोल काढून टाकली, खाली गिट्टी, वर मुरूम, नर्मदेची रेती आणि थोडं शेणखत, आणि वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांतलं, तिथे झऱ्याकाठीसुद्धा वाढतं, त्याला पाण्याचं वावडं नाही, साचलेल्या पाण्याचं आहे, आणि आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी सोडायला तयारच नसते. मे महिन्यात दुपारनंतरची सावली मिळेल अशी जागा धरली. पुढच्या फेब्रुवारीत दांडा आला, खालून पिवळा वर लाल, आणि त्यावर शिंजीर पक्षी. काकूंनी कालनिर्णयवर त्या तारखेला लाल पेनने गोल केला. तेव्हापासून प्रत्येक दांडा, प्रत्येक खत, प्रत्येक वेळी गड्डा फोडला ती तारीख, सगळं कालनिर्णयवर. हे पुढे कामाला आलं.

मधली वर्षं नर्सरी वाढली, जागा भाड्याने घेतली, टाटा एस घेतली, ठीक चाललं होतं.

२०१८ च्या ऑक्टोबरात महूच्या बाजूच्या एका रिसॉर्टचं काम मिळालं. नाव घेत नाही. एंट्रीपासून स्विमिंग पूलपर्यंत दोन्ही बाजूंनी पोकर, उंच वाफे, सगळं मामांच्या पद्धतीने, अर्धे पैसे लागवडीला आणि अर्धे पहिल्या बहरानंतर सहा महिन्यांनी, झाडं टिकली तर. मार्चमध्ये बहर असा आला की लोक गाडी थांबवून फोटो काढत होते. मग मेंटेनन्सचं टेंडर निघालं आणि आमच्यापेक्षा कमी रेट टाकून दुसऱ्या एका कंपनीने नेलं. युनिफॉर्म, वॉकीटॉकी, चार ब्रश कटर, म्हणजे गवत कापायची मशिनं. जूनमध्ये पाऊस लागायच्या तोंडावर त्यांनी काय केलं, तर "नीट दिसावं" म्हणून सगळ्या पोकरची पानं जमिनीलगत उडवली, लॉन कापतात तशी, आणि वरून टॉप ड्रेसिंग म्हणून काळी माती आणि कच्चं शेण गड्ड्याच्या डोक्यावर पसरलं. मामांनी गेटवरूनच बघितलं आणि म्हणाले, गेलं हे.

२०१९ चा पाऊस आठवतोय ना, सप्टेंबरात मंदसौर पाण्यात होतं तो. कापलेल्या पानांच्या बुडख्यांत पाणी साचून राहिलं, नवीन पान काढायला झाडाकडे ताकद नाही, गड्डा मातीखाली गुदमरलेला, बोट लावलं की आत लिबलिबीत आणि घाण वास. आणि त्या कंपनीने रिपोर्टमध्ये काय लिहिलं? प्लांट मटेरियल डिफेक्टिव्ह. आमचं निम्मं पेमेंट अडकलं. मी काकूंच्या वाफ्याचे फोटो नेले, तोच लॉट, त्याच आठवड्यात लावलेला, तोच पाऊस, पानं न कापता, सगळे जिवंत, सोबत कालनिर्णयची पानंसुद्धा. मॅनेजर म्हणाले, "ठीक है भिया, देखते हैं." अजून बघतायत.

त्यात २०२० चा लॉकडाऊन. इंदूर तेव्हा कसं बंद होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. टाटा एस विकली, नर्सरीची अर्धी जागा सोडली, पोरांचे पगार हप्त्याहप्त्याने दिले. मामा त्या वर्षी गावाला गेले ते गुडघ्यांमुळे परत कामावर आले नाहीत, सिकेटर मात्र माझ्याकडे ठेवून गेले. माल नाही, पैसे नाहीत, तेव्हा काकूंनी फोन केला की माझ्याकडचे गड्डे फार दाटलेत, फोडून घेऊन जा, हिशोब नंतर. आज आमच्याकडे जे पोकर आहेत ते सगळे त्या वाफ्यातले. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस आणि लगेच इन्व्हेस्टर्स समिट आली तेव्हा शहरभर कुंड्या लागल्या, आमचा पिटुनिया सगळा उचलला गेला आणि त्या पैशातून गाडी परत आली. पोकर मी एकही विकला नाही तेव्हा.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. फुलाचा दांडा दोन तृतीयांश कोमेजला की पार बुडाशी कापा, मधे खुंट ठेवू नका. पानं कापू नका, वाळलेली तेवढी हाताने खाली ओढून काढा, ग्लव्ह घालून, कारण कडेला बारीक करवत असते. तिकडे थंडीच्या देशात पानं वर बांधून ठेवतात, गड्ड्यात बर्फाचं पाणी शिरू नये म्हणून, आपल्याकडे तो धोका पावसाळ्यात असतो एवढाच फरक. गड्डा तीन इंचांपेक्षा खोल लावायचा नाही. चार-पाच वर्षांनी फोडा, पाऊस संपल्यावर, प्रत्येक तुकड्याला मुळं हवीत, आणि मग एखादं वर्ष फूल नाही आलं तर मला फोन करून ओरडू नका, रुसतं ते. युरिया टाकलात तर नुसती पानं मिळतील. ऑनलाइन निळ्या पोकरच्या बिया विकतात, निळा पोकर नसतो, आणि हायब्रिडच्या बियांपासून आईसारखं झाड येईल याचीही खात्री नसते, गड्डाच घ्या.

कोटेशनमध्ये आता एक ओळ ठळक टाकतो, मेंटेनन्स दुसऱ्याकडे गेलं आणि पोकरवर ब्रश कटर चालला तर झाडांची जबाबदारी आमची नाही आणि बाकीचं पेमेंट त्याच दिवशी द्यायचं. परवा एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती ओळ काढा म्हटलं. काम सोडलं.