विचारणाऱ्याचं काय जातंय

वादात सगळ्यात सेफ जागा म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याची, कारण त्याला काही सिद्धच करायचं नसतं. आपण बिचारे मुद्दे जुळवून, आकडे आठवून बोलणार आणि समोरचा चहाचा घोट घेत फक्त "कशावरून?" म्हणणार, की आपली फेफे उडालीच. आमच्या मावशीचं तर अख्खं भांडण प्रश्नचिन्हांवर चालतं. "म्हणजे मी खोटं बोलतेय का?" आता याला हो म्हणावं तर उद्धटपणा, नाही म्हणावं तर विषयच संपला, काका इतकी वर्षं यातून वाट शोधतायत.

कोर्टात निदान याला नियम तरी आहेत. "तुम्ही त्या रात्री तिथेच होतात ना?" असा, ज्यात उत्तर आधीच कोंबलंय तो सूचक प्रश्न. सरतपासणीत स्वतःच्याच साक्षीदाराला असं विचारलं की समोरचा वकील हरकत घेतो, उलटतपासणीत मात्र खुशाल विचारा. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या साक्ष कायद्यातही आहे. घरात काय, सगळी उलटतपासणीच, आणि हरकत घ्यायची सोय नाही.

या धंद्यातला मूळ पुरुष सॉक्रेटिस. मला कुठे काय कळतंय असं म्हणत म्हणत समोरच्याला त्याच्याच उत्तरांत अडकवायचा. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये त्याच्यावर खटला झाला, आरोप काय तर हा तरुणांना बिघडवतो. त्याने फिर्यादी मेलीटसलाच धरलं, मग तरुणांना सुधारतं कोण? तो म्हणाला न्यायाधीश. सगळे? सगळे. ऐकायला आलेले लोक? तेही. असं करत करत सगळं गाव सुधारणारं आणि बिघडवणारा एकटा सॉक्रेटिस, हे त्याने मेलीटसकडूनच वदवून घेतलं. मग विचारलं, घोड्यांचं पण असंच असतं का रे, सगळे सुधारतात आणि एकच बिघडवतो? प्लेटोने लिहिलेलं हे वाचताना मजा येते, पण निकाल विरोधात गेला. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तरी सुटलो असतो, असं तो स्वतःच म्हणतो. आता तो काही फक्त या प्रश्नांमुळे हरला नसेल, पण मला वाटतं चारचौघांत कोणाचा असा पोपट केला की बघणाऱ्यांनाही उगाच आपलीच पाळी येणार असं वाटायला लागतं.

म्हणून मी हल्ली पकडणारे प्रश्न कमी केलेत (मावशीपुढे तसेही चालत नाहीत). त्यापेक्षा एक प्रश्न बरा वाटतो, काय दिसलं तर तुझं मत बदलेल? परवा सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवरून तावातावाने बोलणाऱ्या मित्राला तो टाकून बघितला. तो जरा थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, आधी तू सांग की.