माझ्या वावरातलं किती गेलं?

“बाकी सारं ठीक हाय भाऊ, पण माह्या वावरातलं किती गेलं थे सांगा.”

आर्वीकडच्या एका गावात मारोतीच्या पारावर वर्धा नदीचा नकाशा पसरून मी बोलत होतो, तेव्हा एका काकांनी हे विचारलं. त्याच्या आधी आणि नंतरही हा प्रश्न मला गावोगावी भेटला आहे. शेताला दिलेलं खत पावसाबरोबर नदीत किती उतरतं, याचं संगणकावर मॉडेल करणं हे माझं काम. पारावर बोलताना उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. तुमच्या एकट्या वावराचा आकडा माझ्याकडे नाही. मी वापरतो त्या मॉडेलचं नाव स्वॅट. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी ते १९९०च्या दशकात उभं केलं आणि ते कोणालाही फुकट मिळतं. त्यात उतार, माती, पीक, रोजचा पाऊस आणि खताच्या तारखा भरायच्या. मग ते पाणलोटाचे, म्हणजे जिथलं पाणी नदीत उतरतं त्या सगळ्या जमिनीचे, तुकडे पाडतं. पाणलोटाच्या एका भागात सारखं पीक, सारखी माती आणि सारखा उतार असलेली जमीन, मग ती नाल्याच्या या काठाला असो की त्या, एकाच गठ्ठ्यात बांधली जाते. त्या गठ्ठ्यात तुमचं वावर आहे, शेजाऱ्याचं आहे आणि तुम्ही कधी पाहिला नाही अशा माणसाचंही आहे. म्हणून असा आकडा दाखवून कोणी तुमच्यावर ठपका ठेवायला आलं, तर त्याला खुशाल परत पाठवा.

मग मॉडेल कशासाठी? ते ‘कोणाचं’ सांगत नाही, पण ‘कधी’ आणि ‘कुठून’ हे बऱ्यापैकी सांगतं. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

वाहून जाणारं पाणी काढायची एक जुनी रीत आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेने ती बसवली आणि स्वॅट आजही ती वापरतं. माती आणि पीक पाहून तक्त्यातून एक आकडा घ्यायचा; तो जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहतं. आपली चिकण काळी माती आणि तास, म्हणजे पिकाच्या ओळी, उतारावरून सरळ खाली असतील तर तो आकडा साधारण ८९ येतो. आता हिशेब बघा. एका दिवसात २० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातले सुमारे ४ मिलिमीटर वाहून जातात. ६० मिलिमीटर झाला तर ३४. पाऊस तिप्पट, वाहणं आठपट. अख्ख्या पावसाळ्याचं नुकसान अशा मोजक्या दिवसांत होतं, आणि त्या झडीच्या आदल्या दिवशी युरिया फेकलेला असेल तर तो विरघळून पाण्याबरोबर निघतो. मातीला चिकटायला त्याला वेळच मिळत नाही.

तेच तास उताराला आडवे घातले तर तक्त्यातला आकडा ८६ होतो. फक्त तीनचा फरक. पण त्या ६० मिलिमीटरच्या दिवशी ३४ ऐवजी २९ मिलिमीटर वाहतात, म्हणजे एकरी २० हजार लीटर पाणी वावरातच राहतं. आडवी पेरणी करा हे आपले म्हातारे सांगत आले. मी त्यात काही नवीन घातलं नाही, फक्त लीटर मोजून दिले.

नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांची चाल मात्र वेगळी, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. डीएपी या खतातलं स्फुरद मातीच्या बारीक कणांना धरून बसतं. माती वाहिली तरच ते मोठ्या प्रमाणात वाहतं, आणि पहिल्यांदा वाहते ती सगळ्यात बारीक, सगळ्यात कसदार माती. सरकी टोबल्यापासून पऱ्हाटीची (कपाशीची) पानं एकमेकांना भिडेपर्यंत दोन तासांमधली जमीन उघडी असते. स्फुरद जातं ते याच काळात. युरियाचं मात्र जमिनीत काही दिवसांत अमोनियम होतं आणि पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर खाली झिरपतं, विहिरीत उतरतं आणि दिवाळीनंतर नाला झऱ्यांवर वाहतो तेव्हा पुन्हा वर येतं. नदी स्वच्छ दिसत असतानाही ते तिच्यात असतं.

विहिरीचं मला सगळ्यात जास्त लागतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लीटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आपलं भारतीय मानक सांगतं, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त त्याने प्राणवायू नेईनासं होतं. आमच्या घरात बाळासाठी पाणी उकळून ठेवायची पद्धत. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं. हे मला नोकरी लागल्यावर कळलं, तोवर घरातली दोन लेकरं त्या पाण्यावर वाढली होती. त्यांना काही झालं नाही. पण कोणत्याही गावात गेलो की मी आधी विहीर पाहतो.

मॉडेल चुकतंही, आणि ते गावातच कळतं. माझ्या पहिल्या हिशेबात मृगाच्या पहिल्याच मोठ्या पावसात नाल्यात नत्राचा लोंढा दिसत होता. मी तो माझ्या मामांना दाखवला. ते म्हणाले, “जून महिन्यात नाला वाह्यतेच कुठी? आंधी जमीन पानी पेते, मंग नाला.” उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांमध्ये जातो, माती फुगून भेगा मिटतात, आणि मग पाणी वरून धावू लागतं. स्वॅटमध्ये भेगांसाठी वेगळी सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती मी चालू केलेली नव्हती. चालू केल्यावर लोंढा जूनमधून सरकून जुलैच्या झडीत गेला, आणि नदीवरच्या सरकारी प्रवाह-मोजणीशी माझा आलेख पहिल्यांदा जुळला.

प्रवाहाचा आकडा रोज मिळतो. खताचं तसं नाही. पाण्याचा नमुना महिन्यातून एखाद्या दिवशी घेतला तर पुराचा नेमका दिवस हुकतो, आणि खत तर त्याच दिवशी गेलेलं असतं. माझ्या कामातली सगळ्यात कच्ची बाजू ही आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो, तो रागाने, आणि तो राग रास्त आहे: शहराची घाण कोण मोजते? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या धरणात जातं. त्यातही नत्र आणि स्फुरद भरपूर असतं. नदीत दोन्ही मिसळले तरी त्यांच्या वागण्यात फरक असतो. सांडपाणी बारा महिने जवळपास सारखं येतं, त्यामुळे नदी फुगली की ते पातळ होतं. शेतातलं खत नदी फुगते तेव्हाच येतं. उन्हाळ्यात नत्र-स्फुरद चढत असेल तर आधी वरच्या शहराकडे पाहायचं, पुरात चढत असेल तर वावरांकडे. हे दोन हिशेब वेगळे न मांडता सगळा दोष शेतकऱ्यावर ढकलणारा अहवाल मी स्वीकारत नाही.

एका वावरातून जातं ते तुम्हाला थोडंच वाटेल. त्या ६० मिलिमीटरच्या दिवशी वाहत्या पाण्यात लीटरमागे १० मिलिग्रॅम नत्र आहे असं धरा, एकरी सुमारे १.४ किलो होतं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असतं. गोणी देणाऱ्याला हे दीड किलो जाणवत नाही. पण तलावाचं पाणी हिरवं व्हायला स्फुरद लीटरमागे एका मिलिग्रॅमच्या काही शतांशाएवढंही पुरतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: झडीचा अंदाज असेल तर युरिया दोन दिवस थांबवा, दिला तर मातीआड करा, एकदम न देता हप्त्यांनी द्या. सोयाबीन मुळांच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं, त्याला युरिया ओतू नका. अंदाज चुकला तर पीक पिवळं पडतं आणि त्या दिवशी ठरलेली मजुरं दुसरीकडे जातात, हेही मला माहीत आहे. थांबण्याची किंमत शेतकरीच मोजतो.

राहिले पारावरचे काका. त्यांच्या वावराचं उत्तर मॉडेलमधून नाही, वावरातूनच मिळेल. त्यांच्या खालच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, सगळं पाणी एका जागी उतरतं तिथे, आम्ही लोखंडी पत्र्याला त्रिकोणी खाच पाडून तो रोवला आहे. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं त्यावरून प्रवाह निघतो. पाऊस सुरू असतानाच बाटली भरायची, थांबल्यावर नाही, हे काकूंनी दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. बाटल्या त्यांनीच धुऊन, तारखेच्या चिठ्ठ्या लावून कोठीत ठेवल्या आहेत.