न वळलेली नर्व्ह

नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. मानेचे डिसेक्शन सुरू झाले की रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, म्हणजे स्वरयंत्राकडे परत वळणारा मज्जातंतू, दाखवणे ओघाने येतेच. व्हेगस हा मज्जातंतू स्वरयंत्राच्या शेजारूनच खाली उतरतो. पण स्वरयंत्राचे बहुतेक स्नायू हलवणारी त्याची ही शाखा डावीकडे थेट छातीत महाधमनीच्या कमानीखालून, तर उजवीकडे मानेच्या तळाशी, हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीखालून वळसा घेऊन पुन्हा वर चढते.

त्या दिवशी एका टेबलावरच्या मुलांना उजवी शाखा सापडेना. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधली खाच रिकामी होती. नवशिक्यांच्या हातून ती कापली जाणे नित्याचेच, म्हणून मी स्वतः चिमटा घेतला. डोक्याकडे जाणारी कॅरॉटिड धमनी बाजूला सारली, तर तिच्यामागून एक पांढरा, ताणलेला धागा व्हेगसपासून निघून आडवा, सरळ स्वरयंत्रात शिरलेला दिसला. आमचे जुने अटेंडंट डोकावून म्हणाले, “का झालं जी सर, नस सरळच गेली?”

मी मुलांना छाती आणखी उघडायला सांगितली. अपेक्षा होती तेच निघाले. उजवी सबक्लेव्हियन धमनी महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून डावीकडून निघाली होती आणि अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे गेली होती. उजवीकडे अशी रचना शंभरात एखाद्याच शरीरात, किंबहुना त्याहूनही क्वचित आढळते. एडिनबरो येथून तिची नोंद १८२३ सालीच झाली होती.

गडचिरोलीहून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सरळ वाटेने काम भागते, तर सगळ्यांनाच ती का नाही?” प्रश्न नेमका होता, कारण केवळ नर्व्ह सरळ गेल्यामुळे त्या व्यक्तीच्या आवाजात काही उणे असण्याचे कारण नव्हते.

उत्तर गर्भात आहे आणि त्याहून मागे माशांत. माशांत हृदयातून निघालेल्या धमन्यांच्या कमानी कल्ल्यांकडे जातात आणि व्हेगसच्या शाखा त्या कमानींच्या मागून सरळ जातात. मानवी गर्भातही चौथ्या आठवड्याच्या सुमारास अशा कमानींच्या जोड्या तयार होऊ लागतात. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरते आणि सहाव्या कमानीमागे अडकलेली शाखा त्याच्यासोबत खाली ओढली जाते. उजवीकडे सहाव्या कमानीचा तो भाग विरतो, तेव्हा ती चौथीला, म्हणजे भावी सबक्लेव्हियनला अडकते. आमच्या टेबलावरच्या शरीरात ती चौथीही विरली होती. अडकायला काही उरलेच नव्हते. जिराफातही वळसा हाच, फक्त काही मीटर लांबीचा. स्वतंत्रपणे आखलेल्या रचनेत असा खर्च कोणी करणार नाही. वारशाने मिळालेल्या रचनेत तो टाळता येत नाही. ‘नीट’साठी डार्विन पाठ केलेल्या मुलांना हे पुस्तकापेक्षा चिमट्याच्या टोकाशी अधिक पटले, असे माझे मत आहे.

मग मी विचारले, डावी शाखा सरळ केव्हा जाईल? थोड्या चर्चेनंतर त्याच विद्यार्थिनीने सांगितले की महाधमनीची कमानच उजवीकडे असेल तर. डावीकडच्या ज्या अत्यंत मोजक्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, त्या बहुतेक अशाच शरीरांच्या आहेत.