ध चा मा आणि मधली पाच वर्षे

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर मागच्या आठवड्यात एक कागद लागला होता. टाकी धुण्याचे काम असल्यामुळे गुरुवारी पाणी सायंकाळी सहा वाजता सोडले जाईल, एवढाच मजकूर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो कोणा खोडकर हाताने निळ्या पेनने 'सो'चा 'तो' केला होता आणि गुरुवारी पाणी 'तोडले' जाणार असल्याची बातमी सगळ्या इमारतीत झाली होती. शेजारच्या काकू चष्मा कपाळावर सारून कागदाकडे बघत म्हणाल्या, "मेल्याने ध चा मा केला बघ." त्या क्षणी काकूंना नारायणराव पेशवे आठवले असतील असे मला वाटत नाही. शनिवारवाड्यातला खून मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की तो पाण्याच्या वेळेसाठीही वापरता येतो.

खऱ्या राजघराण्याच्या इतिहासात कल्पित कट, कल्पित हेर आणि एखादा हरवलेला कागद पेरून रचलेल्या थरारक कादंबऱ्या मी शाळेत असल्यापासून वाचत आले आहे. हल्ली मात्र त्या वाचताना मला जो त्रास होतो, त्याचा थोडा दोष मी राहते त्या नाशिककडे जातो. गंगापूर रोडने रोजचे येणे-जाणे असल्यामुळे आनंदवल्ली दिवसातून दोनदा लागते. नारायणरावांचे काका राघोबादादा यांना ही जागा इतकी आवडली की गावाचे जुने नाव बदलून त्यांनी ते आनंदवल्ली केले आणि तिथे वाडा बांधला. नदीकाठच्या नवश्या गणपतीची कथाही दादा आणि त्यांची पत्नी आनंदीबाई यांच्या नवसाशी जोडलेली आहे. ज्या माणसांना कादंबरीत काळ्या शाईने रंगवलेले असते, त्यांच्या गावावरून भाजी घेऊन घरी येणाऱ्या बाईला पानापानावर शंका येऊ लागतात, त्याला काय करणार?

नुकतीच एक जाडजूड कादंबरी मी दोन रात्रींत संपवली. नाव लिहीत नाही, कारण लेखकाने मेहनत घेतलेली दिसते आणि पहिली शंभर पाने मीही श्वास रोखून वाचली. नंतर मात्र अमावास्येची मध्यरात्र आली, मशाली विझल्या, काळोखात गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात शिरले आणि माझा लेखकावरचा विश्वास उडाला. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी भरदुपारी झाला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणपतीचे दिवस, आणि त्या रात्री आकाशात ढग नसते तर जवळजवळ पूर्ण चंद्र दिसला असता. अठरा वर्षांचा पेशवा भर दिवसा, वाड्यात उत्सवाची वर्दळ असताना, स्वतःच्या काकांच्या दालनाकडे धावत जातो, हे अमावास्येच्या अंधारापेक्षा कितीतरी भयंकर आहे. अंधारात कोणालाही मारता येते. उजेडात, ओळखीच्या माणसांच्या देखत मारायचे तर आधी किती जणांना गप्प बसवावे लागले असेल, हा खरा थरार. लेखकाने तो हातातून सोडला आणि त्याऐवजी मशाल विझवली.

त्याच कादंबरीचा नायक सूर्यास्ताला पुणे सोडतो आणि पहाटे नाशिकला रामकुंडावर घोड्याला पाणी पाजतो. अंतर दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास आहे, ते एक वेळ मी सोडून देईन. वाटेत घोडे बदलले असे लेखकाने लिहिले असते तरी चालले असते. पण हा भाद्रपद आहे. पुण्याहून नाशिकला यायचे तर इंद्रायणी, भीमा, कुकडी, मुळा आणि प्रवरा एवढ्या नद्या आडव्या येतात, त्यांवर आजच्यासारखे पूल नव्हते आणि पाऊस धरलेला असेल तर उतार सापडेपर्यंत किंवा नाव मिळेपर्यंत काठावर बसून राहण्याखेरीज जासुदाला इलाज नसे. कमरेला खलिता, मागे पाठलाग, समोर तांबडे पाणी आणि पैलतीरावरचा नावाडी हाकेला ओ देत नाही, हे प्रसंग भूगोलाने फुकट दिलेले असताना लेखक आपल्या नायकाला पाच नद्यांवरून उडवून नेतो. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले याची घरोघरी चौकशी होते. नदीने माणसाला थांबवायचे असते, हे इथे लहान मुलालाही कळते.

आता पुन्हा 'ध चा मा'कडे येते, कारण या प्रकारच्या लेखनाचा सगळा पेच मला त्या एका अक्षरात दिसतो. राघोबादादांनी गारद्यांना नारायणरावांस 'धरावे' असे लिहून दिले आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, ही कथा आपण सगळे सांगतो. तो कागद मात्र कोणी पुढे ठेवत नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दादांना दोषी धरले, सुमेरसिंग गारदी आणि त्याच्या साथीदारांची नावे इतिहासात आहेत, परंतु त्या अक्षराची गोष्ट परंपरेने चालत आलेली आहे. म्हणजे मराठीतली सर्वांत यशस्वी ऐतिहासिक रहस्यकथा कोणा कादंबरीकाराने लिहिलेली नाही, ती लोकांनी रचली आहे. आणि रचणाऱ्याला दप्तराचे कामकाज नेमके ठाऊक होते, असे मला वाटते. त्या काळच्या अधिकृत पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, उमटवत असत. शिवकालीन पत्रांवरचे 'मर्यादेयं विराजते' किंवा पेशवाईतली 'लेखनसीमा' यांचा अर्थच मुळी हा की मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ वाढवू नये. पत्राच्या शेपटीला असा पहारा होता, पोटाला नव्हता. कपट करायचे तर ते पोटातच करावे लागणार, आणि या कथेतले कपट बरोबर तिथेच होते. मला विचाराल तर थरारकथा लिहिणाऱ्याने इथून धडा घ्यावा: व्यवस्था आधी नीट समजून घ्यावी आणि मग तिच्यातले भोक शोधावे.

काही वर्षांपूर्वी मी हौसेने मोडी शिकायला जात असे. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरे टांगत जायचे, असा शिरस्ता. हात न उचलता लिहायचे असल्यामुळे शब्द तोडले जात नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, स्वल्पविराम-पूर्णविराम तर नाहीतच. आमच्या वर्गात एकाने गमतीने 'गडावरनयेता' असे लिहून दिले आणि आम्ही अर्धा तास भांडलो. लिहिणारा कारकून बोलीतला असेल तर माणूस 'गडावरन येता' म्हणजे गडावरून येताना, नाहीतर 'गडावर न येता', म्हणजे तो आलाच नाही. एकाच ओळीत एकाचा तिथे असण्याचा पुरावा आणि नसण्याचाही! मोडीच्या दप्तरावर बेतलेल्या कितीतरी कादंबऱ्या मी वाचल्या असतील, पण त्यांत गुप्त संदेश नेहमी नकाशात, मूर्तीच्या पायाखाली किंवा संस्कृत श्लोकाच्या आद्याक्षरांत असतो. साधी लिपीच पुरे असताना ही आयात कशासाठी, हे मला समजत नाही.

खजिन्याच्या शोधाचे तर बोलूच नये. त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा, दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला आणि जगभर 'नासक' या नावाने ओळखला जाणारा हिरा इतका उघडपणे विकला गेला आहे की त्यात शोधण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

त्याउलट जिथे रहस्य खरोखर उरले आहे तिथे लेखक फिरकत नाहीत, आणि यासाठी मला नाशिक जिल्ह्याच्या बाहेरही जावे लागत नाही. मालेगावजवळच्या कौळाणे गावातून गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याला गेला, २७ मे १८७५ रोजी तिथल्या राणी जमनाबाईंना दत्तक झाला आणि पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून नावारूपाला आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती गादी रिकामी का झाली? ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे एक-दोन घोट घेतले, जीव घाबरा झाला म्हणून बाकीचे फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ पाहिला. तपासणीत सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर चौकशी आयोग बसला. त्यातल्या तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले, तर जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना वाटले नाही. तीन विरुद्ध तीन! मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून राज्यकारभाराच्या अनागोंदीवर बोट ठेवले, मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला धाडले. सरबतात विष कोणी घातले याचा निकाल तसाच राहिला. इथे लेखकाला एकही तारीख हलवावी लागत नाही, एकही माणूस वाकवावा लागत नाही. फक्त सरबताचा पेला घेऊन जाणाऱ्या नोकराच्या मागोमाग चालायचे आहे.

माझे म्हणणे एवढेच की कल्पनेने कागद संपतो तिथून पुढे चालावे, कागदावरून नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी नहपान क्षत्रपाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. अशी नाणी मी काचेमागे पाहिली आहेत. सातकर्णीच्या ठशाखालून नहपानाचे नाक आणि हनुवटी अजून दिसते. चांगली कादंबरी मला तशी वाटते. वरचा ठसा लेखकाचा, पण खालचा चेहरा पूर्ण पुसला गेला की ते नाणे नुसते बनावट.

मग मी लिहायला बसले तर काय लिहीन, असे बहिणीने विचारले. गेले काही महिने मी एका वहीत तारखा मांडत आहे, त्यातले थोडे सांगते. नारायणराव गेले तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. मुलगी झालीच तर बदलता यावी म्हणून गडावर आणखी गरोदर बायका ठेवल्या आहेत, असा बोभाटा दादांच्या बाजूने केला होता. दहा वर्षांनी हेच चित्र उलटे होऊन आले. ११ डिसेंबर १७८३ रोजी राघोबादादा कोपरगावला वारले तेव्हा आनंदीबाई गरोदर होत्या, आणि चिमाजीअप्पांचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर झाला. कादंबरीकाराने हे रचले असते तर संपादकाने 'फारच जुळवून आणले' म्हणून खोडले असते.

आणि या सगळ्या काळात नारायणरावांची आई गोपिकाबाई कुठे होत्या? गंगापूरला, आनंदवल्लीपासून नदीच्या वरच्या अंगाला चार-दोन कोसांच्या आत. मुलाच्या खुनानंतर जगलेली आई आणि त्या खुनासाठी जगाने जिला बोल लावला ती जाऊ, या दोघींची आनंदवल्लीच्या घाटावर गाठ घालून देण्याचा मोह कोणालाही होईल. मलाही झाला. चार पाने लिहिली आणि फाडली, कारण तारखा आडव्या आल्या. गोपिकाबाई १७८८ मध्ये वारल्या, आणि त्या हयात असेपर्यंत विधवा आनंदीबाई कोपरगावलाच नजरेखाली होत्या. आनंदवल्लीला त्या नंतर आल्या आणि १७९४ मध्ये तिथेच गेल्या. पाच-सहा वर्षे पुढे-मागे करून शेवटी लेखकाच्या मनोगतात कबुली द्यावी, असे पुष्कळ जण करतात, आणि कबुली दिली तर मी वाचक म्हणून माफही करते. पण स्वतः करवेना.

बहिणीला मी नकाशा दाखवला तेव्हा तीच म्हणाली, "अगं ताई, कोपरगाव गोदावरीवरच आहे ना?" आहेच. गंगापूरवरून वाहणारे पाणी आनंदवल्लीच्या रिकाम्या वाड्यावरून, रामकुंडावरून, नांदूर मधमेश्वरावरून पुढे कोपरगावला जाते. १७८३ ते १७८८ या पाच वर्षांत एकीने वर घागर बुडवली असेल तेव्हा दुसरी खाली त्याच नदीवर बसलेली होती, आणि दोघींची भेट न होऊ देता दोघींमध्ये जाणारे-येणारे एक माणूस मला हवे आहे. वहीत मी आतापर्यंत एक कासार लिहिला आणि खोडला, कारण दोन्हीकडे विधवा, कासाराला तिथे काय काम? मग एक वैदू लिहिला. सध्या आत्याच्या सांगण्यावरून क्षेत्रोपाध्यायांच्या घरातली एक सोवळी म्हातारी घेतली आहे, जिला श्राद्धपक्षाच्या निमित्ताने दोन्ही दारे उघडी असतील आणि जिच्याजवळ कागद सापडला तरी कोणाला संशय येणार नाही.

येत्या रविवारी पहाटेच्या एसटीने कोपरगावला जाणार आहे. राघोबादादांचा वाडा तिथे अजून उभा आहे, आणि वाड्यातून निघालेल्या म्हातारीला नदीवर पोहोचायला किती वेळ लागतो ते मला चालून मोजायचे आहे. आत्याही येते म्हणाली आहे. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे वेळ बरोबर मिळेल.