पानशेतला शिडाची होडी: काय काय तुटलं आणि सोबत काय न्यावं

खडकवासला जवळ असताना पानशेत का, असं सगळे विचारतात. खडकवासल्याचा एक काठ एनडीएचा, म्हणजे लष्करी प्रबोधिनीचा, तिकडे आपली होडी घेऊन फिरकता येत नाही, म्हणून पानशेत. परवानगीचं पाटबंधारे खात्यात आधीच विचारून घ्या, गेटवर उभं राहून वाद घालण्यात मजा नाही.

होडी एंटरप्राइज जातीची. १९५६ चं जॅक होल्टचं डिझाइन, ४.०४ मीटर लांब, दोघांपुरती, निळी शिडं. आमची सेकंडहँड, वय देवालाच माहीत. सोबत मेहुणा, पोहण्यात एक नंबर आणि मतं भरपूर.

सुरुवात रस्त्यातच झाली. खानापूरच्या अलीकडे ट्रेलरचं चाक कुईं कुईं करायला लागलं, हबला हात लावला तर चटका, म्हणजे बेअरिंग गेलं होतं. ग्रीस भरून हळूहळू पोचलो. इथे एक महत्त्वाचं, होडी उतरवताना ट्रेलरचा गरम हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, लगेच पाण्यात घालू नका, आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग उरलेलं बेअरिंगही जातं. आधी चहा घ्या. मेहुण्याने दोन घेतले.

काठावर शीड चढवताना हॅलयार्डचा, म्हणजे शीड वर ओढायच्या दोरीचा, शॅकल (जोडकडी) उघडला आणि दोरीचं टोक थेट डोलकाठीच्या शेंड्याला. होडी आडवी करून काढलं, त्यात विशेष काही नाही.

खरी गंमत पाण्यात. सकाळी वारा नावालाच, पण उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि डोंगरांमुळे झोत कधी इकडून कधी तिकडून येतात. अशाच एका झोतात वाऱ्याच्या बाजूच्या श्राउडची, म्हणजे डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारेची, स्प्लिट रिंग (पिन अडकवणारी कडी) कुठेतरी निघून गेलेली आणि पिन निम्मी बाहेर आलेली दिसली. हे झालं तर विचार करत बसू नका, ताबडतोब टॅक मारा, होडीचं नाक वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला घ्या, म्हणजे ती बाजू वाऱ्याआड जाते आणि तिच्यावरचा ताण सुटतो, नाहीतर डोलकाठी आडवी. आम्ही टॅक मारला, पिन परत बसवली, किल्लीच्या रिंगने अडकवली, आणि जरा निवांत होतोय तोवर सुकाणूची खालची पिंटल (सुकाणू होडीला अडकवणारी खीळ) तुटली!!

आता सुकाणू नाही. मोठं शीड उतरवलं, नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, वल्हं मागे धरून दिशा देत आलो, येतं तसं करता, पण पाठीमागून वारा असेल तरच. धरणाची भिंत पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे काहीही बिघडलं की होडी आपोआप भिंतीकडे वाहत जाते. म्हणून लहानसा नांगर लागतोच, आमच्याकडे होता, भिंतीपासून बऱ्याच अलीकडे टाकला. थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी लावणारे एक मामा आले, "शीड लावून बी वल्हंच मारता व्हय?" एवढं बोलून बंडीच्या खिशातून बाइंडिंग वायर काढून दिली. त्याच वायरने पिंटल बांधून काठाला लागलो.

नवीन शिडासाठी पैसे साठवणाऱ्यांनी आधी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन स्टेनलेसच्या स्प्लिट रिंगा, शॅकल, बोल्ट आणि दोरी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मोठं काही तुटलंच नाही आमचं, जे गेलं ते सगळं मुठीत मावणारं. पक्कड आणि इन्शुलेशन टेप दोरीने होडीला बांधून ठेवा, सुट्टी ठेवलेली पक्कड पाण्यातच जाते. वल्ही दोन न्या. लाइफ जॅकेट घालून बसा, मेहुण्यासारखी उशाला घेऊ नका. आणि मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठाला गुडघाभर चिखल असतो, ट्रेलर आत उतरवण्याआधी पायी चालून बघा.

परतीला रविवारी संध्याकाळी सिंहगड रोडवर ट्रेलरसकट अडकायचं नसेल तर चारच्या आत काठ सोडा. वारा नेमका तेव्हाच झकास असतो, त्याला इलाज नाही.