कोअर मोजण्यापूर्वी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे पॅटर्न (वाळूत साचा उठवण्यासाठीचा नमुना) डिझाइनचे छोटे कार्यालय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींसाठी पंप केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी अशा कास्टिंगची मॉडेल आम्ही सॉलिडवर्क्स या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. गेल्या महिन्यात त्यासाठी नवे वर्कस्टेशन, म्हणजे ताकदवान संगणक, घेतले. मात्र त्याआधी मागच्या खरेदीत नेमके काय चुकले, हे शोधण्यासाठी मी दोन आठवडे दिले.

जुने यंत्र घेताना विक्रेत्याने १६ कोअर आणि ३२ थ्रेडचा प्रोसेसर सुचवला होता. (आमच्या भागात कोअर म्हटले की आधी वाळूचा कोअर डोळ्यांपुढे येतो, येथे कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे गणित करणारा भाग आणि थ्रेड म्हणजे त्याला एका वेळी देता येणारी कामाची एक ओळ.) एवढे असूनही केसिंगच्या भिंतीची जाडी एक मिलिमीटरने बदलली, की मॉडेल पुन्हा उभे राहीपर्यंत हात बांधून बसावे लागे. त्या वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर प्रोसेसरचा वापर जेमतेम तीन टक्के होता. म्हणजे ३२ थ्रेडपैकी एकच पूर्ण भाराने राबत होता आणि बाकीचे रिकामे होते.

याचे कारण मॉडेलच्या रचनेतच आहे. आधी स्केच, त्यावरून घनाकार, मग पॅटर्न साच्यातून निघावा म्हणून दिलेला ड्राफ्ट (किंचित उतार) आणि शेवटी फिलेट (कडांची गोलाई), अशा क्रमाने फीचर एकमेकांवर अवलंबून असतात. ड्राफ्ट दिलेला पृष्ठभाग निश्चित झाल्याशिवाय त्याच्या कडेवरील फिलेटचे गणित सुरूच होऊ शकत नाही. साचा बंद झाल्याशिवाय ओतकाम होत नाही, मग पाळीवर दहा माणसे जास्त असली तरी. म्हणून अशा कामाला कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. धातू घट्ट होण्याचे सिम्युलेशन किंवा रेंडरिंग (मॉडेलचे हुबेहूब चित्र तयार करणे) यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते गणित अनेक कोअरमध्ये वाटता येते. आमच्याकडे सिम्युलेशन महिन्यातून दोन-तीनदाच होते, त्यामुळे या वेळी मी आठच कोअरचा, पण ५ गिगाहर्ट्झच्या वर जाणारा प्रोसेसर निवडला.

ग्राफिक्स कार्डाबाबत गेमिंगचे कार्ड स्वस्त आणि वेगवान पडते, हा सल्ला मला अनेकांनी मनापासून दिला. तरीही मी सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत पाहून एनव्हिडियाचे आरटीएक्स ए२००० घेतले. हे सॉफ्टवेअर ओपनजीएल या त्रिमितीय चित्रे दाखवण्याच्या प्रणालीवर चालते आणि प्रमाणित ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) त्यावर तपासलेला असतो. असेंब्ली फिरवताना कडा गायब होणे किंवा मध्येच सॉफ्टवेअर बंद पडणे मला परवडणारे नाही. शिवाय ते कार्ड केवळ ७० वॅट वीज घेते.

रॅम ३२ जीबी घेतली, तीही १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहितीची ने-आण) मिळते आणि पुढे वाढवण्यासाठी दोन स्लॉट मोकळे राहतात. फायली साठवण्यासाठी वेगवान एनव्हीएमई एसएसडी आता गृहीतच धरावी.

ज्या गोष्टीचा उल्लेख एकाही कोटेशनमध्ये नव्हता, ती म्हणजे आमच्या परिसरातील धूळ. जुने यंत्र उघडले तेव्हा प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) बारीक काळी पूड घट्ट बसलेली होती. हीटसिंक तुंबला की तापमान वाढते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच हातचा जातो. त्यामुळे पुढे काढता येणारी जाळी असलेली कॅबिनेट मी मुद्दाम शोधली, ती जमिनीपासून दोन फूट उंच ठेवली आणि आता दर आठवड्याला साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती जाळी धुतली जाते. जवळपासच्या भट्ट्या आणि मोटारी सुरू होताना व्होल्टेज हलते, म्हणून यूपीएसही ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे सतत स्वतःमार्फत स्थिर वीज देणारा, घेतला आहे.

जुने यंत्र काढलेले नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर ते आता फक्त सिम्युलेशन चालवते आणि तेथे त्याचे सोळाही कोअर कामाला लागतात.